मदत हवी आहे: पाकिटावर 'उपवास' आणि 'जैन' छापायचं तर नियम काय?

मंडळी, माझा घरगुती फराळाचा छोटा व्यवसाय आहे. एफएसएसएआयची नोंदणी आहे, तो 14 आकडी क्रमांक आणि हिरवा ठिपका पाकिटावर असतो. आजवर ओळखीपाळखीत विकलं. आता एक दुकानदार माल ठेवायला तयार झालाय, पण म्हणतो सगळ्या पाकिटांवर 'उपवास स्पेशल - जैन' असा एकच स्टिकर लावा, श्रावणात हातोहात खपेल.

अहो, पण बटाट्याचा चिवडा जैन कसा? विचारलं तर म्हणे, "ताई, कांदा-लसूण नाही ना? मग झालं!"

मी 2020 चे लेबलिंगचे नियम चाळले. शाकाहार-मांसाहाराची व्याख्या त्यात आहे. दूध आणि मध मांसाहारात धरत नाहीत. म्हणजे राजगिऱ्याच्या लाडवात मध घातला तरी ठिपका हिरवाच, आणि आमच्या शेजारच्या जैन काकू तर मधाला शिवत नाहीत. मग ठिपक्याच्या भरवशावर 'जैन' कसं लिहायचं? 'जैन' आणि 'उपवास' यांची व्याख्या मला त्यात कुठे सापडली नाही. लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं नको, एवढं मात्र स्पष्ट लिहिलंय.

उपवासाचं तर विचारूच नका. माझ्या माहेरी जिरं चालतं, सासरी नाही. भाजणी दळायला देते तिथे गिरणीवाला आधी मूठभर वरई टाकून जातं साफ करून घेतो, तरी पहिल्या पिठात गव्हाचा अंश दिसतोच. ते पीठ मी बाजूला काढते. पण उद्या कुणी तक्रार केली तर?

शिवाय नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेशाने निर्यातीचा माल सोडून हलाल प्रमाणित मालावर बंदी घातली, तेव्हापासून पाकिटावर धर्माशी जोडलेला शब्द छापायचीच धास्ती वाटते. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक अशा शब्दांना हरकत घेतात का? 'जैन'ऐवजी 'कांदा, लसूण, बटाटा नाही' असं सरळ लिहिलं तर निभावेल? आणि 'उपवासासाठी' लिहून खाली घटक ठळक दिले तर?

स्वतः लेबल छापून घेतलेल्यांनी कृपया सांगा. छापखानावाला 1000 च्या खाली स्टिकर काढत नाही, त्यामुळे चुकले तर सगळे रद्दीत.

(जिरं चालतं की नाही यावर इथे भांडू नका, त्यासाठी वेगळा धागा काढते.)