कॅनरातला नास्ता: बडोदेकरांनो, तुमच्या आठवणी लिहा

दांडियाबाजारची_लेक
आईकडे माळा आवरताना बाबांचा स्टीलचा पुडाचा डबा सापडला आणि खाली बसूनच राहिले. रविवारी आंघोळ झाली की बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाऊसला न्यायचे. आधी पूना मिसळ, मग कॉफी. मी लहान, म्हणून मला कप नसे. बाबा दोन घोट बशीत ओतायचे, फुंकर मारायचे, वर साय धरली की बशी माझ्याकडे सरकवायचे. आईसाठी याच डब्यात मिसळ, आणि शेव वेगळ्या पुडीत, नाहीतर घरी पोचेपर्यंत मऊ पडते. ती पुडी धरायचं काम माझं.
लग्न होऊन पुण्याला आले. पहिल्याच आठवड्यात मिसळ मागवली. तिखटजाळ रस्सा समोर आला आणि बडोद्याची इतकी आठवण आली की घास उतरेना.
तुमचं सकाळच्या नास्त्याचं ठिकाण कोणतं होतं? लिहा नं.

रावपुरा_नाका
शेवेची पुडी वेगळी!! अगं आमच्याकडेही अस्संच. माझा भाऊ वाटेतच पुडीला भोक पाडायचा.

शाईचे_हात
फाइन आर्ट्सला होतो, १९८३ ते ८८. रात्रभर एचिंगचं काम, सकाळी नखांत काळी शाई तशीच, ती रॉकेलनेही निघायची नाही. दोघांत एक मिसळ आणि दोन कॉफ्या एवढेच पैसे असत. कप रिकामे झाले तरी आम्ही गप्पा मारत बसलेलो असायचो. माझं पहिलं प्रदर्शन ठरलं ते त्या टेबलावर, एका बिलाच्या मागे यादी करून. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

तरीवाला
मिसळीचा मान ठेवून सांगतो, बडोद्याची सकाळ म्हणजे सेव उसळ. कीर्तिस्तंभाजवळची महाकाली. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर जाडी सेव, कांद्याची पात, लसणाची चटणी, पाव, आणि तरी वेगळ्या वाटीत. तरी आपल्या हाताने घालायची, तिथेच माणसाची पारख होते. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्या घरांतली उसळ इथल्या सेवेला भेटली, असं आजोबा सांगत. मला ते पटतं. आपल्या घरांचंही तसंच झालंय की.

पातीचा_कांदा
@तरीवाला उसळीत वाटण काय घालता? माझी नेहमी पिठूळ होते. आज वाटाणे भिजवलेत.

तरीवाला
वाटण नाहीच. वाटाणे रात्रभर भिजवून शिजवायचे, मूठभर तिथेच ठेचायचे, त्यानेच दाटपणा येतो. तरी वेगळी करा, तेलात लसूण आणि लाल तिखट, गॅस बारीक. तिखट जळलं की संपलं.

घरापासून_लांब
बाबा सयाजी हॉस्पिटलात अकरा दिवस होते. तोंडाला चव नव्हती, काही म्हणजे काही खात नव्हते. काकांनी थर्मासमधून कॅनराची कॉफी आणली. झाकण उघडल्याबरोबर बाबांनी डोळे उघडले. दोन चमचे घेतली. नंतर फार दिवस नाही राहिले. पण ते दोन चमचे मी पाजले.

रावपुरा_नाका
@घरापासून_लांब 🙏 काय लिहू. काकांना नमस्कार सांगा.

दांडियाबाजारची_लेक
@घरापासून_लांब वाचून गळा दाटून आला. हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

विश्वामित्री_काठ
२०२४ च्या ऑगस्टमधला पूर. आमचा तळमजला पाण्यात, वीज नाही, तीन दिवस बिस्किटं आणि चिवडा. पाणी उतरल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने चिखलातच स्टोव्ह मांडला. अडधी चहा, गरम. शेजारचे गुजराती काका, आम्ही, पलीकडचे सिंधी, सगळे गुडघाभर चिखलात उभे. त्याने त्या दिवशी कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत.
(गोदरेजचं कपाट गेलं. फोटोही गेले. कुणाकडे १९९० च्या आसपासचे दांडिया बाजारातल्या गणपतीचे असतील तर पाठवा, प्लीज.)

शाईचे_हात
@विश्वामित्री_काठ माझ्याकडे काही निगेटिव्ह आहेत, शोधतो.

मूळचा_मंगळूरचा
आमच्याकडे कॅनरा म्हणजे कर्नाटकाची किनारपट्टी. त्या नावाचं कॉफी हाऊस, मिसळ पुण्याच्या नावाची, गिऱ्हाईक मराठी न् गुजराती. नोकरीसाठी बडोद्यात नवा आलो तेव्हा नुसती पाटी वाचूनच आत शिरलो होतो. कॉफीचा वास आला आणि वाटलं, इथे राहता येईल. एकोणीस वर्षं झाली. मराठीही त्याच टेबलांवर शिकलो.

रावपुरा_नाका
मराठी अगदी आपलं वाटतंय हो तुमचं! या एकदा घरी.

पातीचा_कांदा
@तरीवाला पाच शिट्ट्या झाल्या, वाटाणे अजून कडक. सोडा घालू का?

तरीवाला
चिमूटभरच. आणि मीठ आत्ता नाही, शिजल्यावर. घातलंत का आधीच?

पातीचा_कांदा
घातलं.

तरीवाला
मग अजून तीन शिट्ट्या. पाव आणून ठेवा तोवर.