‘वायफू’ सोडा, ‘ओशी’ म्हणा

तुती

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याच्या अॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) ग्रुपमध्ये दोन मुलांचं भांडण झालं. दोघांचीही ‘वायफू’ एकच निघाली, ‘स्पाय फॅमिली’मधली योर फोर्जर. “ती माझी वायफू आहे, तू दुसरी शोध” इथून सुरुवात झाली, आणि आता दोघेही ग्रुपमध्ये नाहीत. कथेत योरला नवरा आहे (कागदोपत्री का होईना), मुलगी आहे. आणि इथे ती कोणाची यावरून शाळेपासूनची मैत्री तुटली. मला त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. आवडत्या पात्राला ‘वायफू’ म्हणणं आपण थांबवावं आणि ‘ओशी’ म्हणावं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. वायफू म्हणजे ‘वाइफ’चा जपानी उच्चार. २००२ च्या ‘आझुमांगा दाइओ’ या मालिकेत किमुरा नावाच्या शिक्षकाच्या हातून एक फोटो पडतो. मुली विचारतात, ही कोण? तो म्हणतो, “माय वायफू.” इंग्रजीत बोलणाऱ्या चाहत्यांनी तो शब्द उचलला, फोरचॅन या चर्चेच्या संकेतस्थळावर तो रुळला आणि तिथून आपल्यापर्यंत आला. आता हा किमुरा कोण? वर्गातल्या मुलींकडे वाईट नजरेने बघणारा, मुली ज्याला टाळतात असा माणूस. त्याच्या तोंडचा शब्द आपण आपल्या सगळ्यात लाडक्या पात्रासाठी का वापरायचा? त्यातही अॅनिमेतली कितीतरी पात्रं शाळकरी वयाची असतात. त्यांना कोणी ‘बायको’ म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

‘ओशी’ आला ‘ओसु’ या क्रियापदावरून. ओसु म्हणजे ढकलणं, पुढे करणं, एखाद्याचं नाव सुचवणं. आयडॉल गटांचे, म्हणजे जपानी पॉप गाणाऱ्या मुलींच्या गटांचे, चाहते गटातल्या आपल्या आवडत्या मुलीला ‘ओशिमेन’ म्हणायचे, म्हणजे जिचं नाव मी पुढे करतो ती. त्याचं आखूड रूप ओशी. आज जपानमध्ये अॅनिमेतलं पात्र, आवाज देणारा कलाकार, आपल्याकडे क्रिकेटचा तसा तिथे बेसबॉलचा खेळाडू, कोणीही ओशी असतं. वायफू म्हटलं की ती माझी होते. ओशी म्हटलं की मी तिच्या बाजूने उभी राहते. एका पात्राच्या बाजूने हजार जण उभे राहिले तर भांडायचं कशाला?

मध्यरात्र_लोकल

तुती, तू तो प्रसंग अर्धाच सांगितलास. किमुराच्या हातून पडलेला फोटो त्याच्या खऱ्या बायकोचा असतो. ती पुढे कथेत येते, आणि इतकी सुंदर आणि भली निघते की मुली थक्क होतात. त्या माणसाच्या आयुष्यातलं जे एकमेव नातं त्याला अभिमानाने सांगता येतं, त्यासाठी तो हा शब्द वापरतो. मला तर त्यात काही घाण दिसत नाही. शाळकरी पात्रांबद्दल मात्र तुझं शंभर टक्के बरोबर आहे, तिथे वाद नाही.

पण ओशी या शब्दाचं तू जे कौतुक केलंस ते मला पटत नाही. हा शब्द घरोघरी पोचवला एकेबी फोर्टी-एट या आयडॉल गटाच्या काळाने. गट २००५ साली अकिहाबारात सुरू झाला आणि २००९ ते २०१८ दर वर्षी गटाची ‘निवडणूक’ व्हायची. पुढच्या गाण्यात कोण पुढे उभी राहणार हे चाहत्यांच्या मतांवर ठरायचं. मतपत्रिका कुठे मिळायची? सीडीच्या पाकिटात. जितक्या सीडी घ्याल तितकी मतं. लोक एकाच गाण्याच्या शेकडो सीडी घ्यायचे. ‘पुढे करणं’ म्हणजे प्रत्यक्षात हे होतं. आजही ‘ओशिकात्सु’, म्हणजे ओशीसाठी करायची सगळी धडपड, बघा. बिल्ले, अॅक्रिलिकच्या छोट्या उभ्या प्रतिमा, पाकीट फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळणार नाही अशा वस्तू. ‘ओशिकात्सु’ हा शब्द २०२१ मध्ये जपानच्या वर्षातल्या गाजलेल्या शब्दांच्या नामांकनात आला, इतका तो धंदा मोठा झाला होता.

मी ‘इव्हँजेलियन’ या अॅनिमे मालिकेतल्या मिसातोला वायफू म्हणतो. २९ वर्षांची बाई, कामात वाघीण, आणि घरी गेली की टेबलभर बिअरचे रिकामे डबे. नोकरी गेली होती तेव्हा मी ती मालिका पहिल्यांदा पाहिली. सगळं विस्कटलेलं असूनही सकाळी उठून कामाला जाणारं माणूस तेव्हा मला बघायला हवं होतं. तिच्यासाठी मी आजवर एक रुपया खर्च केलेला नाही, तिला कुठे पुढेही केलेलं नाही. ती माझ्या घरातली वाटते, म्हणून घरातला शब्द.

कांजी_वही

पुण्यात जपानी शिकतोय, तिसरं वर्ष. भाषेपुरतं बोलतो.

जपानमधल्या चाहत्यांचा मूळ शब्द वायफू नाही, ‘ओरे नो योमे’ आहे. ओरे म्हणजे मी, तेही पुरुषी, रांगड्या थाटातलं. योमे म्हणजे नवरी, आणि सूनसुद्धा. त्याची कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं अक्षर, काढताना डावीकडे ‘बाई’ आणि उजवीकडे ‘घर’ येतं. आमच्या बाईंनी ती फळ्यावर काढली तेव्हा वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. स्वतःच्या बायकोसाठी जुना शब्द ‘कानाई’, अर्थ ‘घराच्या आत’. आपल्याकडे जुनी माणसं “आमचं कुटुंब” किंवा “घरातून विचारलंय” म्हणायची, तसंच.

आता यात ‘वायफू’ काय करतो ते बघा. आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस “माझी बायको” म्हणायला लाजतो आणि “आमच्या मिसेस” म्हणतो. बाई “आमचे मिस्टर” म्हणते. परका शब्द घेतला की नात्यातला संकोच जातो, घरातला अधिकारही जरा सैल होतो. किमुरा नेमकं हेच करतो, म्हणून तो प्रसंग लक्षात राहतो. त्यामुळे मालकीचा आरोप करायचाच तर तो योमेवर करा. वायफूच्या पाठीवर ते घर नाही.

आणि तुती, एक गोष्ट तुझ्या विरोधात जाणारी. ओशीच्या जगात ‘दोतान क्योही’ असा शब्द रूढ आहे. माझी जी ओशी तीच ज्यांची ओशी, त्यांच्याशी मी संबंध ठेवणार नाही, असा त्याचा अर्थ. लोक हे आपल्या प्रोफाइलवर आधीच लिहून ठेवतात.

गोरखचिंच

पुरुषांचं बोलून झालं असेल तर ‘हजबंडो’बद्दलही, म्हणजे आवडत्या पुरुष पात्राबद्दलही, बोलू का? वर सगळी चर्चा बायकोभोवतीच फिरतेय.

१९९४ मध्ये कोएई कंपनीने ‘अँजेलिक’ नावाचा गेम काढला. खास मुलींसाठीचा, प्रेमकथेचा हा पहिला गेम, आणि तो करणारा गट स्त्रियांचा. ‘ओतोमे गेम’ हा सगळा प्रकार तिथून सुरू झाला. त्यातलं एखादं पात्र आवडतं म्हणजे काय होतं? तो रोज विचारतो, आज कशी आहेस. मी उत्तर निवडते. तो माझं ऐकतो. मी दोन वर्षं एका गेममधल्या एका पात्राशी असं बोलले आहे, कारण घरात ऐकणारं कोणी नव्हतं. त्याला ओशी म्हणून मी त्याला कोणाकडे शिफारस केली पाहिजे? मला तो लोकांसमोर पुढे करायचाच नाही.

ओशी हा सभ्य शब्द आहे, ऑफिसात चालतो, आईसमोर चालतो. म्हणूनच मला तो खोटा वाटतो. प्रेम होतं तर प्रेम म्हणावं. जपानीत त्यासाठीही शब्द आहे, ‘गाची कोई’, म्हणजे अगदी खरंखुरं प्रेम. कांजी_वहीच्या म्हणण्यातलं एक मात्र मला मनापासून पटतं. ‘बाई’ आणि ‘घर’ जोडून झालेला शब्द मी कोणत्याही स्त्री पात्राला लावणार नाही. मी स्वतः सून आहे. पण म्हणून सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा हे नको.

तुती

दोतान क्योहीबद्दल मला माहीत नव्हतं. शब्द बदलला की भांडण थांबेल, हे माझं वाक्य मी मागे घेते.

पण मध्यरात्र_लोकल, वायफूला पैसा लागत नाही आणि ओशीत बाजार आहे, ही वाटणी खरी नाही. २०१८ मध्ये टोकियोत एका गृहस्थाने हात्सुने मिकूशी लग्न केलं. मिकू म्हणजे सापोरोच्या क्रिप्टन कंपनीचं २००७ मधलं गाणाऱ्या आवाजाचं सॉफ्टवेअर, आणि त्याचा चेहरा म्हणून काढलेली मुलगी. समारंभाला सुमारे २० लाख येन लागले. घरचं कोणी आलं नाही. ते गृहस्थ काचेच्या नळकांड्यासारख्या एका यंत्रातून तिच्याशी बोलायचे. २०२० मध्ये त्या यंत्राच्या कंपनीने ती सेवा बंद केली आणि ते बोलणं थांबलं. त्यांनी नातं मात्र सोडलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण बायको म्हटलं तरी किल्ली कंपनीच्याच हातात होती ना? तुझी मिसातो फुकट आहे कारण तू कमी मागतोस. ते श्रेय शब्दाचं नाही.

दोन_कप_चहा

मी वयाने इथे सगळ्यांत मोठा असेन. वायफू, ओशी, ‘मोए’ (पात्राबद्दल वाटणारी लाडिक ओढ, २००५ मध्ये त्या शब्दाची केवढी धूम होती), हे सगळे शब्द यायच्या कितीतरी आधीची गोष्ट सांगतो.

‘आशिता नो जो’ ही मुष्टियुद्धाची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९६८ पासून साप्ताहिकात येत होती. त्यात जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. जोशी लढता यावं म्हणून तो स्वतःचं वजन जीवघेणं उतरवतो, लढत जिंकतो आणि तिथेच मरतो. २४ मार्च १९७० रोजी टोकियोत कोदान्शा या प्रकाशनाच्या इमारतीत त्याचा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामा यांनी पुढाकार घेतला होता. आत बॉक्सिंगची रिंग उभारली होती, भिक्षू मंत्र म्हणत होते. सुमारे ७०० माणसं आली, त्यात शाळेतली मुलं होती.

त्यांच्याकडे रिकिइशीसाठी कुठलाच शब्द नव्हता. नवरा नाही, ओशी नाही, काही नाही. माणूस गेला की आपण जे करतो ते त्यांनी केलं. तुमचा सगळा वाद वाचताना मला तेच आठवत होतं. नातं आधी येतं, नाव नंतर सापडतं, आणि जे नाव सापडतं ते त्या वेळच्या बाजारातून किंवा घरातून उसनं आणलेलं असतं.

मध्यरात्र_लोकल

काका, हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

तुती, कंपनीच्या किल्लीचं मान्य. पण एक सांग, त्या ७०० जणांनी रिकिइशीला ‘पुढे केलं’ असं तू म्हणशील का? तो तर मेला होता. त्याला आता कुठल्या मताची गरज नव्हती.

तुती

हो, म्हणेन. कारण ते एकटे घरी बसून रडले नाहीत. बाहेर आले, एकत्र आले, आणि शेजारी बसलेल्याचाही तो तितकाच आहे हे बघून कोणी उठून गेलं नाही. मला ओशी या शब्दात हेच हवं होतं, ते तिथे नेहमी मिळत नाही हे आज कळलं.

गोरखचिंच, तुमचा मुद्दा मात्र राहतो. जे माणूस एकटीने जपायचं असतं त्याच्यासाठी माझ्याकडे शब्द नाही.

गोरखचिंच

शब्द नको. तो मला रोज ज्या नावाने हाक मारायचा, ते नाव मी कोणाला सांगितलेलं नाही. तेवढं पुरे आहे.

तुम्ही त्या दोन मुलांना फोन करा. रिकिइशीची गोष्ट त्यांना सांगा.

तुती

एकाला केला आत्ता. उचलला त्याने.