ओसुमींचा १९९३ चा पेपर एवढा महत्त्वाचा का?

प्रश्न: एमएस्सीला आहे, सेमिनारला योशिनोरी ओसुमी घेतलेत, ऑटोफॅजीवर (पेशी स्वतःचाच माल गिळून तोडते ती प्रक्रिया) काम केलेले जपानी शास्त्रज्ञ. फेब्स लेटर्स या जर्नलमधला त्यांचा १९९३ चा पेपर वाचला, जेमतेम ६ पानांचा आहे. याच्यावर नोबेल कसं काय? नीट समजवा ना कुणीतरी.

उत्तर १: अरे आधी त्यांचाच १९९२ चा पेपर वाच, त्याशिवाय मजा कळणारच नाही. व्हॅक्युओलमधे (यीस्ट पेशीतली माल तोडणारी पिशवी) प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट घेतलं, उपाशी ठेवलं, आणि काही तासांत व्हॅक्युओल बारीक गोल गोळ्यांनी भरून गेला, त्या आत सारख्या हलत असतात आणि साध्या लाइट मायक्रोस्कोपखाली दिसतात! पेशी स्वतःचाच माल गिळतेय ते डोळ्यांनी दिसलं, मला तर हाच खरा शोध वाटतो.

उत्तर २: बरोबर, आणि मग ९३ ला यीस्टचे असे म्युटंट (जीन बिघडलेले प्रकार) शोधले, ज्यांच्यात ऑटोफॅजी होतच नाही आणि जे उपासमारीत मरतात. १५ जीन्स मिळाली, तोवर या कामाची जीन्स कुणाला माहीतच नव्हती. दुसऱ्या लॅब्जनाही तीच जीन्स वेगळ्या नावांनी सापडली, शेवटी २००३ ला सगळ्यांनी मिळून एटीजी हे एकच नाव ठरवलं. पेपरचा प्रभाव म्हणजे हा, नुसते सायटेशन मोजू नकोस.

उत्तर ३: १९९९ चं संशोधक बेथ लेव्हिनचं बेक्लिन १ हे जीन पण घे सेमिनारमधे, यीस्टच्या ऑटोफॅजीच्या जीनचं माणसातलं भावंड, ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध तिथून जोडला गेला. २०१६ चं नोबेल ओसुमींना एकट्याला मिळालं, तेही सांग.

प्रश्नकर्ता: खूप आभार, आजच ९२ चा काढते.