मदत हवी आहे : बातमीवरील एकतर्फी मनाई हुकूम उठवण्याबाबत

आम्ही तालुक्याच्या गावातून एक साप्ताहिक आणि त्याचे संकेतस्थळ चालवतो. माहिती अधिकारात मिळालेल्या टँकरच्या नोंदवहीत एकाच क्रमांकाचा टँकर एकाच वेळी दोन गावांत रिकामा झालेला दिसतो आणि ठेकेदार संस्थेवर एका माजी लोकप्रतिनिधीचे नातेवाईक आहेत, एवढेच आम्ही छापले. त्याआधी संबंधितांना लेखी प्रश्न पाठवले होते, त्यांचे उत्तर आले नाही. त्यांनी अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा लावला आणि आमचे म्हणणे न ऐकताच बातमी काढण्याचा, तसेच ‘यासारखा कोणताही मजकूर’ प्रसिद्ध न करण्याचा अंतरिम हुकूम मिळवला. बातमी आम्ही उतरवली आहे. हुकूम मोडण्याचा प्रश्नच नाही.

ब्लूमबर्ग (वृत्तसंस्था) विरुद्ध झी (दूरचित्रवाणी कंपनी) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये दिल्लीतील असाच हुकूम रद्द केला. मजकूर द्वेषमूलक किंवा उघडउघड खोटा असल्याचे दाखवल्याशिवाय एकतर्फी मनाई देऊ नये, आणि प्रथमदर्शनी बाजू (दाव्यात वरवर पाहता तथ्य आहे का), सोयीचा समतोल (मनाई दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची अडचण अधिक) व भरून न येणारे नुकसान हे तीन निकष यांत्रिकपणे लावू नयेत, असे त्यात म्हटले आहे. आमच्या हुकुमात हे तीन शब्दप्रयोग आहेत, पण नोंदवहीचा उल्लेखही नाही. मनेका गांधींच्या दाव्यामुळे 1995 मध्ये अडकलेले खुशवंत सिंग यांचे आत्मचरित्र दिल्ली उच्च न्यायालयाने 2001 मध्ये मोकळे केले. पुस्तक तेवढे थांबू शकते, टँकरची बातमी पहिल्या पावसानंतर कोण वाचणार?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 4 खाली त्याच न्यायालयात हुकूम रद्द करण्याचा अर्ज करावा, की आदेश 43 खाली थेट अपील करावे? आदेश 39 च्याच नियम 3-अ प्रमाणे एकतर्फी मनाई दिल्यावर मनाईचा अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो, परंतु आम्हाला तारीख त्यापुढची मिळाली आहे. या एका मुद्द्यावर अपिलात दाद मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का?

दुसरी अडचण अधिक टोचते. ‘यासारखा मजकूर’ म्हणजे नेमके काय? त्याच संस्थेला यंदा पुन्हा ठेका मिळाल्याचे साधे वृत्तही त्यात येते का, आणि शब्दांची व्याप्ती स्पष्ट करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो का? शिवाय संकेतस्थळ कुठूनही वाचले जात असल्याने पुढचा दावा दुसऱ्याच जिल्ह्यात लागू शकतो. मग त्याच संहितेच्या कलम 148-अ खालील कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये, अशी आगाऊ नोंद), जे 90 दिवसच टिकते, कोणकोणत्या न्यायालयांत दाखल करावे?

असे अर्ज स्वतः चालवलेल्या वकिलांनी किंवा संपादकांनी अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडली, हे कृपया सांगावे. नोंदवहीच्या प्रमाणित प्रती आणि प्रश्नांच्या पत्राची टपालपावती आमच्याकडे आहे.