सुझन बुचर यांचे मोठेपण विजयांत आहे की माघारीत?

धागाकर्ता : उत्तरायण

अलास्कातील इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीचा विषय निघाला की सुझन बुचर यांचे चार विजय (१९८६, १९८७, १९८८ आणि १९९०) हमखास मोजून दाखवले जातात. अँकरेजपासून नोमपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची वाट, मध्ये पर्वतरांग, युकॉन नदीचे गोठलेले पात्र आणि शेवटी बेरिंग समुद्राचा उघडा किनारा; अशा वाटेवर चार वेळा पहिले येणे ही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नव्हे. तरीही त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर हातची गेलेली दोन वर्षे अधिक बोलकी आहेत, असे माझे मत आहे.

१९८५ साली शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यात, रात्रीच्या वेळी, एक मूस मादी (हरणांच्या कुळातले, पण सांबरापेक्षाही कितीतरी थोराड जनावर) त्यांच्या जुंपलेल्या कुत्र्यांत घुसली. कुत्री एकाच दोराला बांधलेली, पळणार कुठे? बुचर यांनी कुऱ्हाड आणि अंगातला जाड पार्का परजत तिला थोपवून धरण्याची शिकस्त केली. मागून आलेल्या ड्यूई हॅल्व्हरसन यांनी गोळ्या घातल्या तेव्हा कुठे ती आडवी झाली. तोवर दोन कुत्र्यांचा जीव गेला होता आणि इतर अनेक जायबंदी झाली होती. बुचर यांनी शर्यत सोडली. त्याच वर्षी लिबी रिडल्स भर वादळात पुढे निघाल्या आणि ही शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. तो मान बुचर यांच्या वाट्याला पुन्हा येणे शक्य नव्हते.

दुसरे वर्ष १९९१ चे. बुचर आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी रिक स्वेन्सन या दोघांच्या नावावर तोवर चार-चार विजय होते. नोम सव्वाशे किलोमीटरवर राहिले असताना, व्हाइट माउंटन या थांब्यापलीकडे, आघाडीवरच्या बुचर वादळात सापडल्या आणि मागे फिरल्या. स्वेन्सन मात्र स्वतः कुत्र्यांच्या पुढे चालत, वाट चाचपडत गेले आणि पाचव्यांदा जिंकले. पाचवा विजय समोर दिसत असताना लगाम खेचणे ज्यांना जमले, त्या बाई मला चार चषकांपेक्षा मोठ्या वाटतात.

प्रतिसाद : रोखठोक

धागाकर्त्यांचा भाव समजतो, पण युक्तिवाद पटत नाही. १९८५ मध्ये बुचर यांनी काही निवडले नव्हते. जखमी कुत्री घेऊन कोणीही पुढे गेले नसते. १९९१ मध्ये स्वेन्सन पोहोचले, त्यांच्यामागून मार्टिन ब्यूसर पोहोचले आणि बुचर तिसऱ्या आल्या. म्हणजे ते वादळ पार करता येण्याजोगे होते आणि त्या दिवशी बुचर यांचा अंदाज चुकला, असेही म्हणता येते. हरलेल्याच्या हिशेबात विवेक जमा करायचा आणि जिंकलेल्याच्या हिशेबात बेफिकिरी, हा कुठला न्याय?

शिवाय १९७९ साली या शर्यतीचे जनक जो रेडिंग्टन यांच्यासह कुत्र्यांची स्लेज थेट डेनालीच्या, म्हणजे ६,१९० मीटरच्या शिखरावर नेणाऱ्या बाईंना जोखमीचे वावडे होते, हे कसे मानायचे? त्यांचे खरे कर्तृत्व वेगात आहे. १९७३ च्या पहिल्या शर्यतीत विजेत्याला सुमारे वीस दिवस लागले होते; बुचर यांनी १९९० मध्ये तेच अंतर ११ दिवस १ तास ५३ मिनिटांत कापले. हा फरक पैदास, आहार आणि वर्षभराच्या सरावातून आला.

प्रतिसाद : मूकनायिका

आपण दोघेही माणसांच्या गुणांवर वाद घालत आहात आणि धावणारे प्राणी बाजूलाच राहिले आहेत. शर्यत संपवलेल्या कुत्र्यांची दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या जठरात व्रण किंवा रक्तस्राव आढळला होता. थंड कोरड्या हवेत तासन्‌तास धापा टाकल्याने त्यांच्या श्वासनलिकांना सूज येते, हेही नोंदले गेले आहे. २००९ च्या शर्यतीत सहा कुत्री दगावली, २०२४ मध्ये तीन. अलास्का एअरलाइन्सने २०२० मध्ये आणि एक्सॉनमोबिलने त्यानंतर प्रायोजकत्व काढून घेतले. बुचर यांचे कुत्र्यांवर प्रेम होते, याविषयी मला शंका नाही. पण प्रेम करणाऱ्यानेच वेग वाढवत नेला, हे रोखठोक यांनी नकळत सांगूनच टाकले आहे.

प्रतिसाद : उत्तरायण

मूकनायिका, व्रणांचा मुद्दा खरा आहे. त्यामुळेच आता आम्लता रोखणारे औषध शर्यतीत सर्रास दिले जाते. मात्र ही शर्यत म्हणजे चाबूक ओढत केलेली हाकाटी नव्हे. थांब्यावर पोहोचल्यावर स्लेज हाकणाऱ्याचे पहिले काम म्हणजे कुत्र्यांसाठी गवत पसरणे, बर्फ वितळवून पाणी करणे, मांस शिजवणे आणि मग एकेक पाय हातात घेऊन बोटांमधला बर्फ काढणे, मलम चोळणे, निघताना कापडी मोजे चढवणे. सोळा कुत्री म्हणजे चौसष्ट पाय, आणि हे सगळे गारठलेल्या, बहुधा उघड्या बोटांनी. त्यानंतर उरला तर तासाभराची झोप. बुचर पशुवैद्यकीय साहाय्यक म्हणून काम केलेल्या होत्या आणि या कामात त्यांचा हात धरणारे थोडे होते. ज्या ग्रॅनाइट नावाच्या कुत्र्याकडून लहानपणी कोणालाच फारशी आशा नव्हती, तोच पुढे त्यांच्या तीन विजयांत म्होरक्या झाला, तो या हातांमुळे.

रोखठोक, डेनालीवर घड्याळाशी स्पर्धा नव्हती. वेळ आपल्या हातात असताना घेतलेली जोखीम वेगळी.

प्रतिसाद : मूकनायिका

जो आजार शर्यतीमुळे होतो त्यावर औषध देऊन शर्यत चालू ठेवणे, याला आपण काळजी म्हणता. दमलेले माणूस स्वतःहून बाहेर पडू शकते. कुत्र्याला थांबवायचे की नाही, हे मात्र बक्षिसाची वाट पाहणारा माणूसच ठरवतो.

प्रतिसाद : रोखठोक

इथे मात्र मी मूकनायिका यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो. बुचर १९९४ मध्ये शेवटच्या धावल्या आणि थांबल्या, त्या मुले व्हावीत म्हणून. २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. कुत्र्यांसाठी शर्यती कायमच्या सोडण्याचा निर्णय त्यांनी कधीच घेतला नव्हता. तेव्हा उत्तरायण यांनी त्यांच्या विवेकाचा दाखला द्यायचा असेल तर तो पराभवाच्या दोन वर्षांतून न देता जिंकलेल्या चार वर्षांतून द्यावा : त्या वाटांवर त्यांनी किती दमलेली कुत्री शर्यतीतून काढून थांब्यांवर मागे ठेवली आणि कधी?