मदत हवी आहे: भंडारदऱ्याला तंबूपाशी फ्री डिश लावायची आहे, क्वालिटी शून्यावरून हलत नाही

रानजाई

नमस्कार मंडळी. २६ जानेवारीच्या आत मार्ग निघायला हवा, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेत, वय ७८. प्रजासत्ताक दिनाची परेड त्यांनी आजवर चुकवलेली नाही. यंदा आम्ही २४ च्या संध्याकाळी भंडारदऱ्याला जलाशयाकाठी तंबू टाकून राहणार आहोत, २६ ला जेवून परत. बाबांना यायचंय, फक्त एवढंच विचारलं, "परेड दिसेल ना?" मी हो म्हटलंय. आम्ही उतरतो तिथे मोबाईलला रेंज अजिबात नाही, त्यामुळे डिशची छत्री हाच उपाय.

गेल्या शनिवारी तिथे जाऊन चाचणी घेतली. सामान असं: ६० सेंटिमीटरची छत्री, लोखंडी तिपाई, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा), १० मीटर केबल, फ्री डिशचा बॉक्स आणि १२ व्होल्टचा छोटा टीव्ही. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही गाडीच्या बॅटरीवर चालतात. बॉक्समध्ये एलएनबीचं सेटिंग ९७५०–१०६०० आहे, ते दोनदा तपासलं.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. मोबाईलच्या ॲपने भंडारदऱ्यासाठी दिशा १३३ अंश आणि उंचीचा कोन ५८ अंश दाखवला. तसंच लावलं. बॉक्स पडद्यावर सिग्नलचे दोन आकडे दाखवतो: स्ट्रेंग्थ ६० च्या वर येते, क्वालिटी मात्र शून्य. तीन तास छत्री इकडून तिकडे फिरवली, एकदाही आकडा हलला नाही. स्ट्रेंग्थ एवढी येते म्हणजे उपग्रह सापडलाय ना? मग क्वालिटी का नाही? बॉक्स बिघडलाय का? आग्नेयेला थोड्या अंतरावर झाडं आहेत, ती आड येत असतील का?

गच्चीकर

बॉक्स बदलायच्या आधी केबलची दोन्ही टोकं उघडून बघा. पिनेभोवतीच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकली तरी एलएनबीला वीज पोचत नाही. आणि केबल काढता-लावताना बॉक्स बंद ठेवा.

छत्रीवाला

ताई, स्ट्रेंग्थ बघूच नका. एलएनबीला वीज मिळाली की रिकाम्या आभाळाकडे तोंड असलं तरी तो आकडा वर जातो. त्यातून केबल धड आहे एवढं कळतं. उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटीच सांगते.

बॉक्स बिघडला असेल असं मला वाटत नाही. दोन गोष्टी सांगा. ५८ अंश नेमके कशावरून मोजले? आणि कंपास बघताना तुम्ही कुठे उभ्या होतात?

रानजाई

केबलची टोकं उघडून बघितली, ठीक आहेत.

छत्री आधी सरळ उभी धरली आणि ओळंबा व कोनमापक लावून मागे ५८ अंश कलवली. ती बरीच आडवी झाली, परातीसारखी. कंपास मोबाईलमधलाच. तिपाई गाडीच्या बॉनेटशेजारी होती, केबल पुरावी म्हणून. मोबाईलही तिथेच धरला होता.

छत्रीवाला

सापडलं. दोन्हीकडे चूक आहे, त्यामुळे तीन तास फिरवूनही काही मिळणं शक्य नव्हतं.

आपल्याकडच्या छोट्या छत्र्या ऑफसेट असतात. एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर असतो, बघा. अशी छत्री जिकडे तोंड करून दिसते त्याच्या बऱ्याच वर, आभाळात बघत असते. किती वर, ते टेपने काढता येतं. छत्रीची रुंदी आणि उंची मोजा. रुंदी ६० आणि उंची ६५ भरली तर ६० भागिले ६५ म्हणजे ०.९२३. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन साधारण २२.५ अंश. एवढं काम छत्रीचा आकारच करून देतो. ५८ मधून ते वजा करा, राहिले ३५.५. छत्री उभ्या रेषेपासून फक्त एवढीच मागे कलवायची. तुम्ही ५८ कलवलीत म्हणजे ती ८० अंशांवर, जवळजवळ डोक्यावरच्या आभाळाकडे बघत होती.

दुसरं, गाडीपासून पाच-सहा मीटर लांब जाऊन दिशा बघा. लोखंडी तिपाईही जवळ नको आणि मोबाईलचं चुंबकवालं कव्हर काढून ठेवा. आपल्या भागात कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, त्यामुळे १३३ म्हणजे १३३ च धरा. समोर लांबवरची एखादी खूण हेरायची, झाड किंवा कड्याचं टोक, आणि मग तिपाईपाशी येऊन छत्री त्या खुणेवर धरायची.

तिपाईचा पाइप ओळंब्यात हवा, यावर वेळ घालवा. पाइप कलता असेल तर छत्री डावी-उजवीकडे नेताना उंचीचा कोनही आपोआप बदलत जातो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

आता फिरवण्याचं. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम ३ अंश रुंद असते. तिच्या कडेला ५ मिलिमीटर सरकवलं की १ अंश झाला. म्हणून झटके द्यायचे नाहीत. बोटाने पाच मिलिमीटर ढकला, हात काढा, तीन-चार सेकंद थांबा, आकडा बघा. बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. पटापट फिरवलं तर खरी जागा येऊन निघून जाते आणि पडद्यावर शून्यच राहतं. शेजारी ९१.५ आणि ९५ अंशांवरही उपग्रह आहेत, म्हणून फ्री डिशचंच चॅनल दिसतंय याची खात्री करून मगच नट आवळा.

शेवटी एलएनबी. तो क्लॅम्पमध्ये सरळ बसवून चालत नाही, गोल फिरवावा लागतो. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्याने तुमच्या जागी सूत्राने ४३-४४ अंश येतात. छत्रीच्या मागे उभं राहून आभाळाकडे बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. तिथून सुरुवात करा आणि दोन्हीकडे हळूहळू फिरवून क्वालिटी सगळ्यात जास्त येईल तिथे थांबा.

झाडांची काळजी नको. ५८ अंश म्हणजे बरंच उंच. छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड सव्वासहा मीटरच्या आत असेल तरच आड येतं.

शेतावरची

ताई, कंपासवर भरवसा वाटत नसेल तर उन्हाची मदत घ्या, आम्ही शेतघरावर तसंच केलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडे सकाळी साधारण १०:१० ला सूर्य १३३ अंशांवर असतो. एक काठी ओळंब्यात उभी रोवा. त्या वेळी सावली जिकडे पडेल त्याच्या बरोब्बर उलट दिशेला उपग्रह. सावलीवर सुतळी ताणून काठीच्या पुढे नेली की झाली रेषा. उपग्रह सूर्यापेक्षा बराच वर असतो, पण दिशा तीच. तुम्ही २५ ला सकाळी तिथेच आहात, तेव्हाच आखून ठेवा. २६ ला थांबलात तर परेड साडेदहाला सुरू होते, हातात वेळ उरणार नाही.

छत्रीवाला

उत्तम सुचवलंत. आणि ताई, तुम्ही राहता कुठे? जवळपासच असाल तर आधी गच्चीवर लावून बघा.

रानजाई

नाशिकला. आजच गच्चीवर लावली. इथे दिशा आणि कोन यांत भंडारदऱ्यापेक्षा अर्ध्या-पाऊण अंशाचाच फरक आहे.

छत्री मोजली, ६० बाय ६५ च निघाली. साडेपस्तीस अंश कलवल्यावर ती इतकी उभी दिसते की आधी विश्वासच बसेना. पाइप ओळंब्यात घेतला, दिशा गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यातून बघितली आणि पाच-पाच मिलिमीटर सरकवत गेले. चौथ्या-पाचव्या ढकलीला क्वालिटी ० वरून एकदम ४१! हात तसाच धरून ठेवला आणि मुलीला हाक मारली. एलएनबी फिरवल्यावर आकडा ६८ पर्यंत गेला. सह्याद्री वाहिनीवर बातम्या चालू होत्या.

कोनाच्या पट्टीवर आणि एलएनबीच्या क्लॅम्पवर मार्करने खुणा केल्यात. तिथे फक्त डावं-उजवं शोधायचं राहील. छत्रीवाले दादा, वाऱ्याचं काय करू? संध्याकाळी पाण्यावरून चांगलाच वारा येतो.

छत्रीवाला

तिपाईच्या मध्यावरून पाण्याने भरलेला कॅन दोरीने टांगा, जमिनीपासून वीतभर वर. पायांवर वाळूच्या पिशव्या टाका. छत्री लावल्यावर पायांभोवती चुन्याने किंवा खडूने खुणा करा, रात्री कोणी अडखळलं तरी सकाळी जागच्या जागी ठेवता येईल.

रानजाई

२६ ला रात्री घरी येऊन लिहितेय.

२५ ला १०:१० ला काठीची सावली आखली. गाडीपासून लांब बघितलेला कंपास आणि सुतळी यांत जेमतेम दोन अंशांचा फरक निघाला. वीस मिनिटांत क्वालिटी ६६. कॅन टांगला, चुन्याच्या खुणा केल्या. रात्री वारा होता, छत्री हलली नाही. सकाळी तिच्यावर दव जमलं होतं, एलएनबीच्या टोपणावरही थेंब होते. कोरड्या फडक्याने हलकेच टिपले, हात न लागू देता. आकडा तोच राहिला.

बाबा नऊलाच टोपी घालून खुर्चीत बसले होते. शेजारच्या तंबूतली दोन कुटुंबंही चटया घेऊन आली. राष्ट्रगीताला बाबा उठले तशी सगळी मंडळी उठली. त्यांच्या रेजिमेंटची तुकडी आली तेव्हा ते कुणाशी बोलले नाहीत, फक्त माझा हात धरून ठेवला.

छत्रीवाले दादा, शेतावरची ताई, गच्चीकर, तुमचे मनापासून आभार. सगळे आकडे लिहून कागद बॉक्सच्या पिशवीत ठेवलाय. पुढच्या वर्षी बाबांना कोकणात जायचंय, तेव्हा दिशा-कोन पुन्हा काढीन. छत्रीचे साडेबावीस मात्र तेच राहतील ना?

छत्रीवाला

तेच राहतील, ते छत्रीचे आहेत, जागेचे नाहीत. बाबांना माझा नमस्कार सांगा.