आत्याच्या माळवदाच्या वाड्यात राहायला जातोय. आधी कशाला हात लावावा?

आत्याची_भाची

नमस्कार मंडळी. माझी बदली बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर झाली आहे. शाळेपासून सायकलच्या अंतरावर आत्याचा जुना वाडा आहे. आत्याचे गुडघे आता जोत्याच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून ती पुण्याला मुलाकडे राहायला गेली आणि जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "घर मोकळं ठिवू नगस. माणूस नसलं की माळवद बसतंय," एवढंच म्हणाली. अक्षय्य तृतीयेला आम्ही जाणार आहोत: मी, हे आणि तिसरीतली लेक.

वाडा कसा आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि कड्यांवर मातीचा थर दिलेलं सपाट छत. मोठ्या दरवाजातच दिंडी, म्हणजे छोटं दार आहे, आत ढाळज, म्हणजे दरवाजालगतची बसायची जागा, मग शहाबादी फरशीचा चौक. चौकाच्या तीन बाजूंना सोपे, म्हणजे ओसऱ्या, आणि दगडी उथळ्यांवर (बैठकींवर) उभे सागवानी खांब. माजघरात दिवसाही अंधार असतो, पण चुलीच्या वरच्या सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उन्हाचा एक चौकोन पडतो आणि तो कुठल्या खांबाशी आला यावरून आत्या वेळ सांगायची. भिंतीत ज्वारी साठवायचं बळद, म्हणजे कोठार आहे. दरवाजाला आतून आडणा आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा चांगला मनगटाएवढा जाड चौकोनी दांडा. भिंतीच्या पोटात त्याच्यासाठी खोल पोकळी ठेवलेली असते. दिवसा तो पूर्ण आत सरकवायचा, रात्री बाहेर ओढून समोरच्या भिंतीतल्या खाचेत बसवायचा. टोकाला जिथे हात लागतो तिथलं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालंय. माझ्या लेकीने तो एकटीने ओढून दाखवला आणि त्याच दिवशी तिचं ठरलं की आपण इथेच राहायचं.

बाहेर पारा 42 वर गेलेला असताना माजघरात पंखा न लावता दुपारची झोप लागते. मला हे घर आहे तसं हवं आहे. त्यात हौस नाही असं नाही, पण नुसती हौस नाही.

आता अडचणी. पश्चिमेची भिंत पूर्वी भाऊबंदांच्या वाड्याची आणि आमची सामाईक होती. त्यांनी त्यांची बाजू पाडून आरसीसीचं घर बांधलं, मधे चार फुटांचा बोळ राहिला आणि ही भिंत उघडी पडली. बाहेरून ती घडीव दगडाची नाहीच, नुसते ओबडधोबड दगड आणि माती. तिच्यावर पावसाळे जाऊ लागले तसं आमच्या बाजूने छातीच्या उंचीवर पोट सुटलं आहे. दुसरं म्हणजे सोप्यात दोन ठिकाणी गळतं. माळवदाच्या कडेला पाहिलं तर मातीचा थर जवळजवळ दोन फूट आहे, कारण दरवर्षी वर नवी माती पडत गेली, जुनी कोणी काढली नाही.

गावातले एक ठेकेदार म्हणाले, सगळं उतरवा आणि त्याच भिंतींवर स्लॅब टाका. दुसरे म्हणाले, माती काढून पत्रे ठोका आणि भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा. दोन्ही ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आणि ह्यांचा प्रश्न वेगळाच, पण खरा आहे: किल्लारीच्या भूकंपानंतर आपण आपल्या मुलीला मातीच्या माळवदाखाली झोपवायचं का?

पैसे एका वर्षात एकच मोठं काम होईल इतकेच आहेत. मृगाच्या आधी काय करू?

---

औसेकर

ताई, माझं सारं आयुष्य माळवदाखाली गेलं. तुमच्या आत्याबाई बोलल्या ते खरं आहे. माणूस राहत असलं की वर चढणं होतं, गवत उपटलं जातं, घुशीचं बीळ दिसतं. बंद घरात घूस माळवद पोखरते आणि पाणी त्या बिळातून भलतीकडेच उतरतं. म्हणून जिथे टपकतंय तिथे वर माती टाकून उपयोग नाही. वर जाऊन भोक शोधा. पहिल्या पावसाआधी दोन बादल्या पाणी हळूहळू ओतून कुठे गायब होतं ते बघा, सापडतं.

माती कोणती टाकता ते फार महत्त्वाचं. शेतातली काळी माती चुकूनसुद्धा नको. ती पावसात फुगते आणि उन्हात बोटभर भेगा देते. आपल्याकडे गावाच्या पांढरीतली, म्हणजे गावठाणातली, खारवट माती वापरत. ती दबून बसते आणि तिच्यावर गवतही कमी उगवतं. जुना थर उकरून, ढेकळं फोडून, हलकं पाणी मारून धुमसाने चोपायचा. ढाळ पन्हाळीकडे, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडे हवा. पन्हाळीचं तोंड भिंतीपासून हातभर पुढे आलेलं असावं, नाहीतर सगळं पाणी जोत्यावर पडतं आणि जोतं खचायला लागतं. आमच्याकडे हे काम रोहिणीत करून टाकायचे, मृगाची वाट बघत नसत.

भिंतीला सिमेंट लावू देऊ नका. आतल्या मातीला आलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून गिलावा झकास दिसतो आणि आत मातीचा चिखल होतो. माती, गव्हाचं भुसकट आणि शेण यांचा गारा आठवडाभर कुजवून लावा, वरून चुना.

---

उमरग्याची_लेक

मी वेगळं सांगणार आहे आणि मनापासून सांगते आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या घराने पाहिली आहे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. चार वाजायच्या आत सगळं संपलं. माझ्या मामाचं घर असंच होतं, जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. आम्ही माती उपसत होतो आणि ती संपत नव्हती. लातूर-धाराशिवकडे सुमारे दहा हजार माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. भूकंप काही फार मोठा नव्हता, सहाच्या थोडा वर. माणसं मेली ती घरांखाली.

तुमच्या वाड्याचं वर्णन वाचून मला माझं आजोळ दिसलं, इतकं की पुढचं वाचवेना. पण त्या घरात लहान लेकरू झोपणार असेल तर माया बाजूला ठेवा. ज्याला कळतं अशा माणसाला दाखवल्याशिवाय सामान हलवू नका.

---

ओळंबा

उमरग्याच्या ताईंशी मी सहमत आहे आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितो. भूकंपानंतर मी घरं मजबूत करण्याच्या कामावर त्या भागात होतो. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून सांगतो की अशी सगळी घरं सारखी नसतात.

पहिला प्रश्न: तुमचं माळवद कशावर उभं आहे, भिंतीवर की खांबांवर? खणांच्या घरात तुळया खांबांवर असतात आणि भिंत नुसती आडोशाला. किल्लारीकडे अशा कित्येक घरांच्या भिंती बाहेर कोसळल्या, पण खांबांवरचं छत उभं राहिलं. जिथे कड्या थेट दगडी भिंतीवर टेकल्या होत्या तिथे भिंतीबरोबर छत खाली आलं. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला लागून आतून खांब आहेत का ते बघा. बऱ्याचदा ते भिंतीत अर्धे गाडलेले असतात, गिलाव्याखाली दिसत नाहीत. असले तर त्यांचा बुंधा टोच्याने टोचून बघा. टोचा सहज आत गेला तर लाकूड ओलीने कुजलंय आणि तो खांब आता फक्त नावाला आहे.

दुसरं, पोट सुटण्याचं कारण. ही भिंत एक नसते, दोन असतात: आतला पदर आणि बाहेरचा पदर, मधे गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड, म्हणजे जोडदगड, जुन्या गवंड्यांनी बहुतेक ठिकाणी घातलाच नाही. वरून पाणी शिरलं की मधली माती धुऊन जाते, गोटे खाली बसतात आणि पाचरीप्रमाणे पदर बाहेर ढकलतात. तुमची भिंत उघडी पडल्यापासून नेमकं हेच चालू आहे. वरून ओळंबा सोडून पोट किती इंच आलंय ते मोजून लिहून ठेवा. भेगा असतील तर त्यांवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख टाका. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे.

काम असं करा. आधी माळवदाचं वजन उतरवा. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास होते, तीही कोरडी. तुमच्याकडे दोन फूट आहे. ती आठ-नऊ इंचांवर आणा. माती एकाच बाजूने उपसू नका, सगळीकडून थोडी थोडी काढा. खालचा मातीचा थर राहू द्या, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर औसेकरकाकांनी सांगितलेली पांढरी माती. प्लास्टिक थेट लाकडाला टेकवू नका, ओल अडकून कड्या कुजतात.

मग भिंत. पोट आलेला भाग दाबून परत आत जात नाही, तो उतरवूनच बांधावा लागतो. आतून तुळईला टेकू द्या आणि तीन-चार फुटांचा एकेक तुकडा उतरवून बांधत जा. नव्या बांधकामात उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला चार फुटांच्या आत एक जोडदगड हवाच. जो भाग शाबूत आहे त्यात हलक्या हाताने दगड काढून आरपार तीनेक इंचांचं भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. त्याने दोन पदर एकमेकांना धरून राहतात.

स्लॅब मात्र मातीतल्या भिंतीवर कधीच नाही. ते वजन या भिंती पेलणार नाहीत. पत्रा हलका आहे हे खरं, पण त्याखाली एप्रिल-मे काढून बघा.

---

बळदवाला

दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून. चौकात किंवा ढाळजेत पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आहे का ते आत्याबाईंना विचारा. फरशीखाली असतं, वरून कळत नाही. असेल तर स्वतः किंवा मजुराला लगेच आत उतरू देऊ नका. बंद पेवात हवा खराब असते, माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. तोंड उघडून चांगली हवा खेळू द्या आणि मग मुरूम भरून पक्कं बंद करा.

आणि लाइटीचं काम पूर्ण नवीन करा. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि वाळलेलं सागवान एकत्र नको. अर्थिंग नवीन घ्या.

---

आत्याची_भाची

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. उमरग्याच्या ताई, तुमचं लिहिणं वाचून आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. तुमच्या मामांबद्दल फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी डोक्यात ठेवूनच पुढचं ठरवते आहे.

आज वाड्यावर जाऊन पाहिलं. पश्चिमेला भिंतीत चार खांब सापडले, आतून गिलावा खरवडल्यावर. दोन ठणठणीत आहेत. बोळाच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्यातल्या खांबात टोचा चार बोटं आत गेला. पोट सुटलंय ते बरोबर त्याच्याच शेजारी. चौथ्याचा बुंधा फरशीने झाकला आहे, तो उद्या मोकळा करणार. आत्याला फोन केला. पेव आहे, ढाळजेत उजव्या हाताला, तिच्या सासूच्या काळापासून बंद. मी त्या फरशीवर बसून कितीदा भेंड्या खेळले आहे, आणि मला माहीत नव्हतं!

ठरलं ते असं: या वर्षीचं मोठं काम म्हणजे माती उतरवणं आणि पश्चिमेची भिंत, कोपऱ्यातल्या खांबासकट. गिलावा, रंग, न्हाणीघर सगळं पुढच्या वर्षी. अक्षय्य तृतीयेला फक्त कलश ठेवायचा, देवापुढे दिवा लावायचा. राहायला मात्र काम झाल्यावर, तोवर शाळेजवळ एक खोली घेतली आहे. लेक रुसली आहे, पण तिला रोज कामावर घेऊन जाईन.

ओळंबादादा, एक विचारायचं राहिलं. कोपऱ्यातला खांब पूर्ण बदलावा लागेल का? आणि औसेकरकाका, सान्यावर काच बसवली तर चालेल? ह्यांना पावसाचं पाणी आत यायची भीती आहे, आणि मला तो उजेड जाऊ द्यायचा नाही.

---

ओळंबा

कुजका भाग किती वर चढलाय ते आधी बघा. गुडघ्यापर्यंतच असेल तर तेवढा कापून खाली घडीव दगडाचा उंच उथळा बसवता येतो, वरचं सागवान वाचतं. जुनं सागवान फेकू नका. टेकू मात्र तुळईखाली दोन्ही बाजूंनी द्या आणि टेकूच्या पायाशी जाड फळी ठेवा, नुसत्या फरशीवर नको, फरशी फुटते. खांब कापताना मी हजर राहीन, बार्शीला माझं येणं-जाणं असतं. इथेच निरोप टाका.

---

औसेकर

काच बसवा ताई, जरूर बसवा. पण आधी सान्याभोवती वीतभर उंचीचा कट्टा करून घ्या, म्हणजे माळवदावरचं वाहतं पाणी आत वळणार नाही. काच कट्ट्याच्या बाहेर चार बोटं आली पाहिजे आणि तिलाही थोडा ढाळ द्या. कट्टा आणि काच यांच्यामधे वाऱ्याला फट ठेवून तिला बारीक जाळी मारा. चूल नसली तरी माजघरातली गरम हवा तिथूनच वर जाते. ती वाट बंद केलीत तर दुपारचा गारवा कमी होईल.